इंग्रजी सहीचं कौतुक

मंडळी, आज सकाळी बँकेत सही केली, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, काय सुंदर इंग्रजी अक्षर हो! कॉलेज कुठलं तुमचं?"



त्र्याहत्तर साली मी तिसगावात मॅट्रिकला होते. नगरच्या कॉलेजात सगळं इंग्रजीत असतं म्हणे, म्हणून रोज पहाटे उठून इंग्रजी गिरवायचे. आणि परीक्षा तोंडावर आलेली असताना पाहुणे मला बघायला आले.

मुलाच्या मामांनी रिवाजाप्रमाणे कागद पुढे केला, "नाव लिही, पोरी."

मी मुद्दाम इंग्रजीत लिहिलं. म्हटलं, जास्त शिकलेली नको म्हणून उठून जातील.

मामा तो कागद सगळ्यांना दाखवत सुटले. "लई हुशार हाय पोरगी! आता आनखी शिकवायची गरजच न्हाई."

वडील खूश झाले. साखर वाटली. मी पाटावरच बसून होते, कारण "जा आत" असं कुणी म्हटल्याशिवाय उठायचं नसतं.

आज त्या मुलीला म्हटलं, "कॉलेज नाही गं, या अक्षरावर माझं लग्न ठरलं." ती खळखळून हसली. मला नाही हसता आलं.

तुमच्या आईलाही नाव लिहायला लावलं होतं का? तेव्हा तिच्या मनात काय होतं, विचारलंत कधी?