विकत न घेतलेली विडी

पुण्याच्या कंपनीत मी विडी-सिगारेट सोडवणाऱ्या मोबाइल ॲपचे मराठी प्रश्न लिहायचे. माझी आई सोलापुरात विड्या वळते, म्हणून साहेबांनी ते काम मलाच दिलं. "तुला ही माणसं माहीत आहेत," म्हणाले.

वडिलांच्या फोनमध्ये ॲप मीच टाकून दिलं. ते रोज विचारायचं, 'आज किती विड्या विकत घेतल्या?' वडील शून्य दाबायचे, ॲप शाबासकी द्यायचं, ती माझ्या फोनवरही यायची आणि मी ती ऑफिसात दाखवत फिरायचे.

त्यांचा खोकला वाढला म्हणून मी सोलापूरला घरी गेले. आई मांडीवर सूप घेऊन कारखान्याच्या विड्या वळत बसली होती. वडिलांनी सुपातली एक उचलली आणि माझ्यासमोरच पेटवली.

माझं डोकं फिरलं. "रोज खोटंच दाबत होता की तुम्ही."

"खोटं कशाला दाबू? जन्मात विडी इकत घेतली न्हाय मी."

आईने पुढची विडी वळून सुपात टाकली.

त्यांचं बरोबर होतं. त्या सुपाशेजारी बसून मी अभ्यास केला, त्याच विड्यांच्या पैशांवर कॉम्प्युटर शिकले. आणि 'किती ओढल्या' ऐवजी 'किती विकत घेतल्या' असा प्रश्न लिहिताना मात्र टपरीवरून विडी आणणाऱ्यांच्या घरातली झाले.