कडी बाहेरून

तुमच्या घरात माणूस राहतो अशी एखादी खोली आहे का, जिला कडी फक्त बाहेरून आहे?

रागावू नका. हा प्रश्न मी नोकरीत असताना एका प्रतिष्ठित वकिलाला विचारला होता आणि तोही रागावला होता. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. बरेच गुन्हे विसरलो. उघड्या दाराशी उभी असलेली ती बाई मात्र विसरता आली नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. मी अमरावतीत बस स्थानकाजवळच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारी अचलपूरहून त्या वकिलाचा फोन आला. "बायको दागिने घेऊन निघून गेलीय. डोकं ठिकाणावर नाही तिचं. एसटीनं तिकडेच आली असेल. सापडली की बसवून ठेवा, मी येतो."

फार शोधावं लागलं नाही. स्थानकावरच्या चौकीतला हवालदार तिला घेऊन आला. "साहेब, हे बाई सोताच माह्याकडे आली. म्हणते, मले अटक करा."

नवी जरीची साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, दागिने सगळे अंगावर. वय तिशीच्या आत. माहेर मोर्शीकडचं, शेतकऱ्याचं घर.

"दागिने कोणाचे?" मी विचारलं.

"चोरलेत मी. लिवा तसं."

"कोणाचे चोरले?"

"माह्येच हायेत," ती म्हणाली आणि जीभ चावली.

स्वतःचे दागिने स्वतः घालणं हा गुन्हा होत नाही. तसं सांगितल्यावर ती घाबरली. निर्दोष आहेस म्हटल्यावर घाबरलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. नवऱ्यानं मारलं का, विचारलं. "नाई. खोटं कावून सांगू?" उपाशी ठेवलं? "नाई." मग घर का सोडलं? त्यावर ती गप्प. अचलपूरच्या ठाण्यात का गेली नाहीस, याचं उत्तर मात्र लगेच दिलं. "तिथं वकीलसायबाले सगळे नमस्कार करतात."

चौकशीत गप्प बसणाऱ्या माणसाला एकटं सोडावं. मग त्याच्या सवयी बोलतात. तिला महिला कक्षात बसवलं, पाणी दिलं आणि दार सताड उघडं ठेवलं. थोड्या वेळानं महिला शिपाई माझ्याकडे आली. तिचा चेहरा उतरला होता.

"साहेब, जरा चला. ते बाई उघड्या दारावर आतून टकटक करून राहिली."

मी गेलो. दार भिंतीला टेकलेलं. उंबरठा मोकळा. ती आत उभी राहून त्या फळीवर बोटानं हळूच वाजवत होती आणि खाली मान घालून वाट पाहत होती.

"काय हवंय, ताई?"

"संडासले जायचं होतं."

शिपाई तिचा हात धरून घेऊन गेली.

परत आल्यावर ती आपणहून बोलली. पहिलं बाळ जन्मतःच गेलं होतं. ती फार रडायची. समोर वकिलाचं ऑफिस, पक्षकारांना रडणं ऐकू जायचं. म्हणून तिला परसातल्या खोलीत हलवलं. पुढे रडणं थांबलं, पण कडी काही निघाली नाही. महालक्ष्म्यांना तेवढी तिला बाहेर काढत, कारण घरची सून पाहुण्यांना दिसायला हवी. मागच्या वर्षी काढली होती. या वर्षी काढली, तेव्हा पंगत बसल्यावर ती चालत बाहेर पडली.

"पण अटक कशाला मागतेस?"

"ते परसात फिरत पक्षकारासंग फोनवर बोलत. मले आयकू ये. म्हणत, भेऊ नका, चोवीस तासांच्या वर कोणी कोंडून ठेवू शकत नाई, कोर्टापुढं उभं कराच लागते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या कोठडीले मुदत हाये, साहेब. माह्या खोलीले नाई."

हद्द अचलपूरची. म्हणून आमच्याकडे शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तिकडे पाठवला. संध्याकाळी वकील तिला न्यायला आला, ती येणार नाही म्हणून त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिथलं पथक सोबत घेऊन त्याच्या घरी गेलो.

कडीचा प्रश्न विचारला, तसा वकील रागावून म्हणाला, "ही आरामाची खोली आहे. तिला आराम सांगितलाय." त्याची आई म्हणाली, "आम्ही काय कैदी ठेवलाय का? दोन वेळचं ताट जातं आत."

"तुरुंगातही जातं, आजी."

पंच म्हणून शेजारचे एक निवृत्त शिक्षक होते. ते म्हणाले, "सूनबाई मागे असतात, एवढं ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"ते... कधी विचारलं नाही."

पंचनामा लिहिणारा हवालदार थांबला. "साहेब, काय लिहू? खोली का कोठडी?"

प्रश्न खरा होता. सरकार कारागृह म्हणतं, लोक जेल म्हणतात, आम्ही लॉकअप म्हणतो, मोकाट ढोरांसाठी कोंडवाडा असतो. या प्रत्येकावर पाटी असते, आत कोण आहे त्याची नोंद असते. कायद्यात घरातल्या कोंडण्यालाही शब्द आहे, गैरपरिरोध. तो त्या वकिलाला पाठ असणार. पण त्या घरात, त्या गल्लीत चालणारे शब्द होते आराम, मागची खोली, घरची गोष्ट. मी म्हणालो, "दिसतं ते लिही." त्यानं लिहिलं. बाहेरून कडी. आतल्या कडीच्या जागी चार भोकं, पुट्टीनं बुजवून वरून दाराचाच हिरवा रंग.

वकिलाला अटक झाली. कलम जामीनपात्र होतं. टेबलावरचा चहा गार होण्याआधी तो जामिनावर सुटून घरी गेला.

तिच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, संत्र्याच्या बगीच्यात फवारणी चालू हाये. अन् दिल्या घरीच राहावं तिनं." मग ती महिलांच्या आधारगृहात गेली. संध्याकाळी तिथल्या फाटकाला कुलूप लागतं, सुरक्षेसाठी. ते पाहून तिनं तिथल्या बाईंना विचारलं, "इथं मुदत किती?" कोंडणारा मोकळा होता आणि कोंडलेली पुन्हा कुलपाच्या आत. हे मी कायद्याला धरून केलं आणि त्याची लाज मला आजही वाटते.

पुढे ती अकोल्याला गेली. एका खानावळीत पोळ्या करते, भाड्याच्या खोलीत राहते. मध्ये भेटायला गेलो. घरमालकीण म्हणाली, "बाई गुणाची हाये. पण कधी कधी आतूनच टकटक करते. मंग आठवते तिले, अन् सोताच उघडते."

त्या गल्लीत सगळे सज्जन होते. शेजाऱ्यांपैकी कोणी कडी लावली नाही, फक्त घरच्यांनी दिलेला शब्द वापरला. म्हणून एक मागणं आहे. शेजारच्या घरातली सून, म्हातारी, वेडसर भाऊ "मागे असतो" असं कोणी म्हणालं, तर मान डोलावू नका. कधीपासून, ते विचारा. पाणी मागायच्या निमित्तानं आत जा आणि कडी कोणत्या बाजूला आहे ते डोळ्यांनी पाहा. बाहेरून असेल, तर त्याच पावली ठाण्यात जा आणि कैद हाच शब्द लिहून घ्यायला लावा.