नंदू घाडीचा हार

नंदू घाडी आजवर किती वेळा मेला, हे त्याच्या बायकोला, शकुलाही सांगता येणार नाही. अंधेरीच्या एका स्टुडिओत तो तीस वर्षं प्रॉपर्टी सांभाळतो. म्हणजे सीनमधल्या खुर्चीपासून समईपर्यंत सगळं त्याने आणून मांडायचं. मालिकेत कुणाचा बाप वारलेला असला की भिंतीवर हार घातलेला फोटो लागतो, आणि तो द्यायला कुणी राजी नसतं. दिवसभर प्रेत होऊन पडणारे ज्युनियर आर्टिस्टसुद्धा फोटोचं नाव काढलं की काढता पाय घेतात. मग नंदू बिनधास्त स्वतःचाच फोटो टांगायचा. कित्येक नायिका त्याच्यासमोर धाय मोकलून रडल्या. "जित्या माणसाच्या फोटोक हार घालतत काय?" म्हणून शकु चिडायची, आणि हा पठ्ठ्या ठणठणीत राहून तिला खोटं पाडायचा.

चार वर्षांपूर्वी एक वेब सिरीज आली. तिच्या गोष्टीत साथीने माणसं संपलेली, मुंबईत मोजून सात जण उरलेले, आणि ते रिकाम्या घरांतून अन्न शोधत फिरतात. एका घरात, साथीत आधी गेलेल्या तीनेक वर्षांच्या मुलीचा फोटो हवा होता. लहान पोराला हार घालणार नाही, असं नंदूने साफ सांगितलं. तेव्हा आर्ट डिरेक्टर गंधालीने कॉम्प्युटरवर एक चेहरा बनवून घेतला. ही मुलगी जगात कुठेच नाही दादा, असं तिने समजावलं. ओठाखाली तीळ, डावी भुवई मध्येच तुटलेली, अंगात पिवळ्या बदकांचा फ्रॉक. जी नाहीच तिचं काय वाईट होणार, म्हणत नंदूने हार घातला.

पुढच्या वर्षी त्याच्या मुलीला, दिशाला, मुलगी झाली. गार्गी. ओठाखालच्या तिळाचं सगळ्यांनी कौतुक केलं, नंदूनेही केलं. गेल्या महिन्यात पोर पलंगाच्या कडेवर आपटली आणि डाव्या भुवईला टाके पडले. टाके निघाले, पण तिथे केस काही उगवले नाहीत. ते बघून नंदूच्या हातातला चहा लेंग्यावर सांडला. हा चेहरा त्याने स्वतःच्या हाताने भिंतीवर टांगला होता.

त्याने कुणाला सांगितलं नाही, शकुला तर नाहीच. फोनवर सिरीज लावायची, फोटोपाशी थांबवायची आणि गार्गीकडे बघत राहायचं. भीतीने त्याला जेवण जाईना. तिच्याकडे तसला फ्रॉक नाही, एवढाच काय तो आधार होता. परवा तिचा तिसरा वाढदिवस झाला. बोरिवलीच्या त्यांच्या दोन खोल्यांत पाहुणे मावत नव्हते. आत्या सुलक्षणाने आणलेला फ्रॉक गार्गीने तिथल्या तिथे घालायला लावला. त्यावर पिवळी बदकं होती.

दुसऱ्या दिवशी सिरीजच्या दुसऱ्या सीझनचा सेट लागला. तेच घर, तीच भिंत. गोडाऊनच्या खोक्यातून फोटो निघाला, सोबत तोच हार. नंदूने काच पुसली. त्याने फ्रेम उघडली, फोटो काढून शर्टाच्या आत सरकवला आणि तिथे आपला जुना फोटो बसवला.

आधीच्या सीझनशी सगळं जुळतंय का ते बघायला मुकुल आला. इथे मुलगी होती ना, त्याने विचारलं.

"या घरातला म्हातारा गेला," नंदू म्हणाला. "पोर जगली. तसं लिहून घे."

मुकुल हसला. मग नंदूच्या तोंडाकडे बघून गंधालीला बोलवायला गेला. नंदूने हार उचलला आणि स्वतःच्या फोटोला घातला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने तो मनापासून घातला.