पानावरचं हळदीचं बोट

सून माझी शाळेत शिकवते. मला आत्या म्हणते. मागच्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली, अन् दुसऱ्याच दिवशी ती मला म्हणाली, "आत्या, तीच ती चार पुस्तकं किती येळा वाचणार? त्यांनाच कंटाळा आला असंल तुमचा."

मी म्हणलं, "मग काय करू बाई? गुडघे वाचनालयाची पायरी चढू देत न्हाईत."

"गुडघ्याचं काय काम? अंगठा चालतो न्हवं?"

झालं. त्या दिवसापासून माझा अंगठा चालायला लागला. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचं जे काय शिकले ते वाण्याच्या पुड्यांवरनं, पोरांच्या पुस्तकांवरनं अन् वाचनालयाच्या पुस्तकांवरनं. अडलेला शब्द विचारायचा कुणाला? आमचे हे म्हणायचे, "पुढं वाच, आपोआप कळतंय." कळायचं, न्हाई असं न्हाई, पण अर्धं. आता सुनेनं मोबाईलवर शब्दकोश उघडून दिला अन् मी चाळीस वर्षांचे अडलेले शब्द एका दुपारी विचारून घेतले. भाजी करपली. ह्यांनी करपलेली भाजी मुकाट्यानं खाल्ली अन् म्हणाले, "ह्याला काय म्हणतात ते बी बघ त्याच्यात."

मग तिनं आणखी एक जागा दाखवली. माझ्यासारख्या बायाबापड्या तिथं आपापलं लिहितात अन् दुसरे वाचतात. तिथं मी एका बोटानं टाईप करून शेळीची गोष्ट लिहिली. अकरा जणांनी वाचली. त्यातली सून एक, लेक एक, तरी नऊ राहिले की!

पण मला सांगायचंय ते वेगळंच. जुनी पुस्तकं एकेक पान फोटो काढून कुणीही फुकट वाचावी म्हणून ठेवणारी परोपकारी माणसं असतात, हे मला म्हाईत न्हवतं. सूनबाईनं तेही उघडून दिलं. मी सहज एका कादंबरीचं नाव घातलं. लग्न होऊन आले तवा वाचलेली. पुस्तक आलं. पहिल्या पानावर निळा गोल शिक्का. बघते तर आमच्या बाजाराच्या गावच्या वाचनालयाचा! माझ्या हातात येऊन गेलेलीच प्रत ती. मी मोबाईल मांडीवर उपडा ठेवला. कारण त्या पुस्तकात काय असंल ते मला म्हाईत होतं.

आमचं गाव भूमपासनं सायकलच्या अंतरावर. हे भूमला कचेरीत कामाला. बाजारच्या दिवशी येताना पिशवीत भाजीच्या वर एक पुस्तक टाकून आणायचे. वाचनालयात बाया जात न्हवत्या त्या काळात. घरातले पुरुष जायचे, अन् पुस्तकं बायकांसाठी न्यायचे. दुपारी सासूबाई लवंडल्या की मी चुलीपुढं बसून वाचायची. असंच एकदा कपाळाचा घाम पुसला अन् तेच बोट पानाला लागलं. कुंकवाचा ठिपका उमटला. पुसायला गेले तर आणखीच पसरला. पुस्तकावर खुणा करू नयेत, अशी पाटी होती तिथं, हे सांगायचे. मी भीत भीत पुस्तक परत पाठवलं.

दोन-तीन पुस्तकं गेली. मग एका पुस्तकात, अगदी डोळ्याला पाणी यावं अशा ठिकाणी, कडेला कुंकवाचा ठिपका. माझा न्हवता तो. मी तर ते पुस्तक पहिल्यांदाच उघडलेलं.

म्हंजे कुणीतरी बाईनं माझा ठिपका बघितला होता, अन् तिला ती खूण वाटली होती.

मग काय, आमचं बोलणं सुरू झालं. आवडलं की कुंकू. लेखकानं काहीतरीच ठोकून दिलेलं असलं की हळद. हे कुणी ठरवलं न्हाई, होत गेलं. ती कोण, कुणाची, म्हाईत न्हाई. तिनं काय जबाब दिला ते बघायला मी वाचलेलंच पुस्तक पुन्हा मागवायचे. हे म्हणायचे, "अगं, वाचलंस की हे!"

"विसरले."

"विसरायला झालंय तरी काय तुला?"

आता ती कादंबरी. तिच्यात एका जागी लिहिलंय, की नायिकेनं पहाटे ज्वारीचं पीठ मळून ठेवलं अन् दुपारी शेतावरनं येऊन भाकरी थापल्या. मला असं हसू आलं! ज्वारीचं पीठ मळून ठेवलं की त्याचा चिकटपणा जातो, दुपारी भाकरी थापली तर हातातच फुटंल. ह्या लेखकानं चूल बघितली न्हाई कधी. मी चांगलं ठसठशीत हळदीचं बोट उमटवलं अन् पाठवून दिलं. महिन्यानं पुन्हा मागवलं. ते पान काढलं. हळदीच्या शेजारी बोट होतं, पण राखेचं. करडं.

मी कितीतरी येळ त्या बोटाकडं बघत बसले. तिचं कुंकू संपलं, हळदही संपली. आमच्याकडं नवरा गेला की बाई ह्या दोन्हीला हात लावत न्हाई. अन् एवढं दुःख पडलेलं असताना तिनं माझ्या थट्टेला जबाब दिला होता, राखेनं का होईना. मला रडू फुटलं. सासूबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हणलं, धूर.

आता मी तिला कुंकू कसं दाखवू? जखमेवर मीठच ते. मी तव्याखालची काजळी बोटावर घेतली अन् तिच्या राखेच्या खाली हळूच टेकवली. म्हणलं, तुला न्हाई तर मलाबी न्हाई.

त्यानंतर तिची खूण कधी दिसली न्हाई. पुस्तकं आणणारंच माणूस गेलं, मी समजून गेले. भूमच्या बाजारात कानावर आलं, की पेठेतल्या एका घरातला कर्ता माणूस गेलाय. तेच घर असणार, असं मी मनानं धरलं. वर्षानुवर्षं बाजारला गेले की त्या दारावरनं जायची अन् वाटायचं, आत जावं, म्हणावं, बाई, हळदीचं बोट माझं. पण गेले न्हाई. काय म्हणून जायचं? कुणी विचारलं, तुझी वळख कशी, तर पुस्तकं खराब करून झाली म्हणून सांगायचं? भीतीच वाटली. ती दुःखात असताना मी गेले न्हाई, हे माझ्या मनातनं कधी निघालं न्हाई. ह्यांनाही सांगितलं न्हाई.

अन् आता मोबाईलमध्ये ते पान समोर आलं. हळदीचं पिवळं बोट, राखेचं करडं अन् माझा काळा ठिपका, तिन्ही जिथल्या तिथं.

सुनेला सगळं सांगितलं. तिनं ते पान बोटांनी मोठं करून तिन्ही ठिपके बघितले. मग म्हणाली, "आत्या, पुस्तकाच्या खाली वाचणाऱ्यांनी लिहायची जागा असती. तिथं लिहा."

"ती कुठं बघणार? असंल का तरी?"

"तुम्ही लिहा तर."

लिहिलं. कोणत्या पानावर काय हाय ते सांगितलं अन् शेवटी लिहिलं, ताई, तुमच्यावर येळ आली तवा मी यायला पाहिजे होतं. आले न्हाई. माफ करा. एवढंच टाईप करायला दुपार गेली, कारण माफ करा हे दोनदा खोडलं.

पंधरा-वीस दिवस रोज बघायची. पावसाळा लागला, शाळा सुरू झाली, मी आशा सोडली. मग एका संध्याकाळी सून शाळेतनं आली ती चप्पल न काढताच, "आत्या, आत्या, हे वाचा!"

खाली जबाब आला होता. तिच्या लेकीनं लिहिलेला, पण बोलणं आईचं, जसंच्या तसं. आई कधीची त्या पुस्तकाचा ध्यास घेऊन बसली होती, म्हणून लेक शोधत तिथं आली होती. लिहिलं होतं: अक्का, मी हाय. माझे मालकबी हायत, अंगणात बसलेत. माझ्यावर कसली येळ आली? तुमचे मालक जाऊन किती वर्षं झाली? मलाच माफी मागायचीय.

मी मान वर करून बघितलं. आमचे मालक समोर शेंगा फोडत बसले होते.

"काय झालं? माझ्याकडं अशी का बघतीस?" ते म्हणाले.

फोनवर बोलायला मिळालं तवा कळलं. ती आता जळकोटला लेकीकडं राहते. त्या येळी भूमला नांदत होती. आवाज बारीक, पण हसणं पोरीसारखं.

"अवं अक्का, आमी शंकराचे भक्त. आमच्यात बाया-बाप्ये सगळे सकाळी विभूती लावत्यात. सासूबाई म्हणायला लागल्या, कुंकू इतक्या लवकर कसं संपतंय, कपाळाला लावती का भिंतीला? करंडाच उचलून ठिवला त्यांनी कपाटात. मग म्या देवापुढची विभूती घितली बोटावर. तिच्यावर कोण नजर ठेवतंय?"

"मला वाटलं..."

"अन् तुमची ती काजळी बघून म्या दोन दिस जेवले न्हाई! म्हणलं, हिचं कुंकू गेलं. आता आपण सवाशिणीनं हिला कुठल्या हातानं खूण करायची? म्हणून बंद केलं."

दोघींनी एकमेकींची कीव केली अन् दोघी गप्प बसलो. मधे किती पुस्तकं निघून गेली असतील!

मग ती म्हणाली, "संक्रांतीला वाण द्यायचे तवा एक बाजूला ठिवायचे, अक्का. कुणाला न दिसता. तुमचं नाव म्हाईत न्हाई, तर वाचणारीचं म्हणायचे नुसतं."

जे घर तिचं समजले त्यात पाऊल टाकायला मी भ्याले, अन् ती तिकडं दर वर्षी माझं वाण काढून ठेवत होती.

ह्यांना सगळं सांगितलं तर हे म्हणाले, "म्हंजे तिच्या लेखी माझं तेरावं उरकून चाळीस वर्षं झाली! अन् इथं मी मेलेला माणूस तुझ्या शेंगा फोडतोय."

तिच्या डोळ्यांना आता अक्षर दिसत न्हाई. म्हणून रोज दुपारी मी फोन लावते अन् मोबाईलवरनं तीच कादंबरी तिला वाचून दाखवते. एका फोनवर पुस्तक अन् दुसरा फोन कानाला, तो ह्यांचा. चांगली जागा आली की ती म्हणते, "कुंकू." कधी दोघी एकदमच म्हणतो.

भाकरीचं पान आलं. मी वाचलं अन् तिच्या हसण्याची वाट बघत थांबले. ती काही हसंना.

"ताई, झोप लागली का?"

"न्हाई. अक्का, एक सांगू? राग यील."

"सांगा की."

"त्या पानावर तुमची हळद चुकली. म्या विभूती लावली ती कुंकवाच्या जागी, ह्यात काय खोटं हाय म्हणून लावली. आमच्याकडं पाण्याला उकळी आणून त्यात पिठाची उकड काढत्यात. ते पीठ दुपारपातूर ऱ्हातंय. भाकरी फुटत न्हाई."

म्हंजे तेही उलटंच! जे बोट मी तिचं दुःख समजून रडले, ते भांडण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरी आल्यापासनं कधी न केलेलं काम केलं. पाणी उकळलं, उकड काढली, पीठ मळलं, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं अन् दुपारी थापलं. भाकरी फुटली न्हाई. ह्यांनी दोन खाल्ल्या. सून म्हणाली, "आत्या, आता ती हळद पुसा."

मोबाईलवर पुसता येत न्हाई. मी पुस्तकाच्या खाली लिहून टाकलं, की भाकरीच्या बाबतीत लेखकाचं बरोबर हाय, हळद माझी चुकली.

पुढच्या बाजारच्या दुसऱ्या दिवशी जळकोटला निघायचं ठरलंय. एसटी बदलावी लागंल, गुडघे कुरकुरतील. हे म्हणतात, मी येतोच, मला तिथं जिवंत हाय म्हणून दाखवायचंय. मी पहाटे उकड काढून ठेवणार अन् पीठ डब्यात घालून नेणार हाय. भाकरी तिथंच, तिच्यापुढं बसून थापायच्या.