फरशीवरच्या थापा

मुलीने मागच्या सुट्टीत टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि रिमोटमध्ये बोलायला शिकवलं. ती बारडोलीला सासरी गेली आणि मी इथे उधन्याला एकटी रिमोटशी बोलत बसले. एका दुपारी मी त्याला 'भरीत' म्हटलं. खानदेशी माणसाला वांग्याचं भरीत कुणी शिकवायला नको, पण नुसतं बघायलाही बरं वाटतं. त्या शहाण्याला 'भिडंत' ऐकू आलं. समोर उघड्या अंगाचे, तेलाने चकाकणारे दोन धिप्पाड पहिलवान उभे राहिले. माझ्या लहानपणची ती परदेशी कुस्ती.

मी बंद करणार होते. पण त्यातला एक मी ओळखला, लांब केसांचा आणि लाल चड्डीचा. त्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही. आमच्या घरी तो 'बांधकोऱ्या' होता, म्हणजे दुसऱ्याच्या शेताचा बांध हळूच कोरून आपलं शेत वाढवणारा. हे नाव माझ्या भावाने ठेवलं होतं.

तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो. आबा, म्हणजे आमचे वडील, लूमच्या खात्यात कायमचे रातपाळीला. इकडे कारखान्याला खातं म्हणतात. सकाळी ते कापसाचे तंतू मिशीत घेऊन यायचे, भाकरी खायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. त्याच खोलीत आम्ही दिवसभर जगायचं, पण आवाज न करता. भांडं पडलं तर आई आमच्याकडे असं बघायची की आम्हीच पडल्यासारखं वाटायचं. दुपारी केबलवर कुस्ती लागायची. भाऊ आधी आवाजाचं बटण शून्यावर न्यायचा आणि मगच टीव्ही लावायचा. आम्ही इतकी वर्षं कुस्ती पाहिली, पण तिचा एकही आवाज कधी ऐकला नाही.

म्हणून मग भाऊच सांगायचा. माझ्या कानाशी तोंड आणून, अगदी श्वासात. इंग्रजी त्याला माझ्याइतकंच येत होतं, म्हणजे शून्य. पण त्याचं कुठे अडत नव्हतं. "हाऊ त्याना साला शे," तो सांगायचा. "ह्यानी बहीनले नांदाडं नही, म्हनीसन तो उना." म्हणजे त्याने याच्या बहिणीला नीट नांदवलं नाही म्हणून हा मेहुणा जाब विचारायला आलाय. लाल चड्डीवाल्याने चुलतभावाचा बांध कोरला होता. मुखवटेवाला घरजावई होता आणि तोंड दाखवायला लाजत होता. जगातल्या सगळ्या मारामाऱ्या भाऊबंदकीतूनच होतात, अशी माझी खात्री झाली होती आणि फारशी चूक नव्हती म्हणा.

सगळ्यात छान होता तो पंच. एक पहिलवान उताणा पडला, दुसरा त्याच्यावर आडवा झाला, की पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला पंच झपकन खाली पडायचा आणि त्याच्या कानाजवळ जमिनीवर हाताने थापा मारायचा. तो हे का करतो हे आम्हाला कुणी सांगायची गरजच नव्हती. आमच्या घरी रोज संध्याकाळी हेच चालायचं. लूमच्या खडखडाटाने आबांचे कान हळूहळू गेले होते, हाका मारून ते उठत नसत; दिवसा आवाज न करायचा आईचा नियम मात्र तसाच होता. मग आई त्यांच्या उशाशी बसून फरशीवर थापा मारायची. हादरा डोक्याला लागायचा. पहिल्या थापेला ते हुंकारायचे, दुसरीला कूस बदलायचे, तिसरीला उठून बसायचे. तर पंचसुद्धा त्या पडलेल्याला पाळीसाठी उठवत होता. "ऊठ, पाळीनी येळ व्हयनी," भाऊ माझ्या कानात पंचाचं बोलायचा. उठला तर ठीक. तिसऱ्या थापेलाही नाही उठला तर त्याचा खाडा लागला, खेळ खलास.

मला याचं इतकं हसू यायचं की पोटात दुखायचं. आणि मी हसले की भाऊ माझं तोंड दाबून दरवेळी एकच वाक्य म्हणायचा, "हळू हस, आबा उठतीन."

आता त्या भरताच्या दुपारी टीव्हीचा आवाज चालू होता. झोपमोड व्हायला घरात कोण राहिलंय. आबा कधीच गेले, माझा नवरा जाऊनही काही वर्षं झाली. पण तो आवाज मला सोसेना. कोट घातलेला समालोचक घरात कुणी गेल्यासारखा गळा काढत होता. हजारो माणसं किंचाळत होती, मध्येच गाणं वाजत होतं. आणि पंच थापा मारताना लोक मोठ्याने आकडे मोजत होते! म्हणजे ते उठवणं नव्हतंच. ती मोजणी होती, पाठ टेकवून ठेवल्याची. चाळिशी उलटलेल्या बाईने हे आत्ता समजून घ्यायचं काय कारण होतं? मला त्या समालोचकाचा राग आला. माझ्या भावाच्या थापा उघड्या पाडणारा हा कोण लागून गेला?

मी आवाज शून्यावर नेला. खोलीत एकदम ती जुनी दुपार आली. लाल चड्डीवाला तोंड वासून काहीतरी बोलत होता आणि माझा उजवा कान वाट बघत बसला. कानाशी कुणी बोललं नाही. मला फार एकटं वाटलं. नवरा गेल्यावरही असं वाटलं नव्हतं, तेव्हा निदान घरात माणसं होती.

भाऊ मेलेला नाही, हे सांगायला हवं. तो नंदुरबारकडे गावी आहे, वहिनीबरोबर. शाळा सोडून तोही लूमवर लागला, आधी उधन्यात, मग कडोदऱ्याला, आणि आबांच्याच वाटेने त्याचेही कान गेले. खात्यात त्याचं अडलं नाही. तिथे सगळे ओठ आणि हात हलवूनच बोलतात. पण गावी गेल्यावर लोक त्याला मोठ्याने बोलू लागले, मग दोनदा बोलू लागले, मग हसू लागले. तसं त्याने बोलणंच सोडलं. ऐकू येत नाही ते एक असो. पण जो माणूस मुक्या टीव्हीला बोलतं करायचा, तो आता ओट्यावर गप्प बसून असतो. मी फोन केला की वहिनी उचलते. "ताई, बरा शेतस म्हनतस," ती सांगते. तो तसं म्हणत नाही हे मला माहीत आहे. मागच्या लग्नात आम्ही शेजारी बसून जेवलो आणि त्याने मला एवढंच विचारलं की वरण वाढू का. मला त्याचा आवाज हवा होता. दुसरं काही नको होतं, माझ्याशी त्याने बोलावं, बस.

म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला. तांदळाच्या डब्याला टेकवून फोन टीव्हीसमोर उभा केला आणि मी टीव्हीच्या कडेला अशी बसले की मला त्याचं तोंड दिसावं आणि त्याला कुस्तीही दिसावी आणि मीही थोडी दिसावी. वहिनीने उचलला. मी म्हटलं, भाऊला दाखव.

"झोपेल शेतस," ती म्हणाली. मग तिने फोन कशाला तरी टेकवला, खाली वाकली आणि त्याच्या उशाशी फरशीवर थापा मारल्या. पहिली. दुसरी. तिसरीला माझा भाऊ उठून बसला, पांढऱ्या केसांचा, अगदी आबा.

त्याने फोन हातात घेतला. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिला. मी मान हलवली, टीव्हीकडे बोट दाखवलं. त्याने फोन थोडा खाली नेला. मला वाटलं, संपलं, आता फोन वहिनीकडे देईल. तेवढ्यात त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"हाऊ आजून बांध सोडत नही का?"

तो ओरडला. स्वतःचा आवाजही त्याला ऐकू येत नसल्याने किती जोरात बोलतोय हे त्याला कळत नव्हतं. माझ्या कानात श्वासाने सांगणारा माझा भाऊ सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलत होता. मागून वहिनी म्हणाली, अहो हळू. त्याला कुठलं ऐकू येतंय. त्याने मेहुण्याला आणलं, घरजावयाला आणलं, तलाठी नवीनच आणला. तलाठ्याने पैसे खाल्लेत म्हणे, म्हणून तर तो लाल चड्डीवाला इतका माजलाय. मी कुस्तीकडे बघतच नव्हते. मी त्याच्याकडे बघत होते. त्याचे हात लूमवरच्यासारखे हलत होते.

मग कुणीतरी उताणं पडलं असावं, कारण भावाने फोन मांडीवर ठेवला, मला नुसतं छत दिसलं, आणि त्याने स्वतःच फरशीवर थाप मारली. "ऊठ, पाळीनी येळ व्हयनी!"

मी हसले. किती वर्षांनी अशी हसले, पोटात दुखेपर्यंत. फोन वर आला. त्याला माझं हसणं ऐकू आलं नव्हतं, पण कडेला हलणारी मी दिसले असणार. तो फोनच्या जवळ तोंड आणून, ओठांवर बोट ठेवून, पुन्हा गल्ली हादरेल असं ओरडला, "हळू हस, आबा उठतीन."

मी सवयीने तोंडावर हात ठेवला. माझ्या खोलीत कुणी झोपलेलं नव्हतं. पलंगावर सकाळी वाळवून आणलेले माझेच कपडे पडले होते. मी हात काढला.

"उठू दे ना रे भाऊ," मी म्हटलं. "उठू दे आबासले."

त्याला ऐकू गेलं नाही. तो पुढची कुस्ती सांगायला लागला होता.