चांगला पाय

“हा माणूस कामाला लागल्यापासून मी त्याला कधी बसलेला बघितला नाही,” शेठ माइकवर म्हणाले. टाळ्या.

खरं होतं. त्यांच्या चिक्कीच्या दुकानात आम्हा कामगारांना बसायला काही ठेवलेलंच नव्हतं.

लोणावळ्यातलं मंगल कार्यालय. दिव्यांगांचा सत्कार. स्टेजला पायऱ्या, कठडा नाही. खुर्च्या पाहुण्यांना. आम्ही सत्कारमूर्ती मागे ओळीत उभे. अंगावर शाल, हातात नारळ. नारळ घ्यायला दोन हात पुढे करावे लागतात, आणि माझा एक हात कायम मांडीवर लागतो. हे कुणाच्या लक्षात येत नाही. माझी युक्तीच तशी आहे. पँटच्या खिशात हात घालायचा आणि आतून मांडी मागे दाबायची, की गुडघा मुडपत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय रुबाबात उभा आहे!

“शेठ, खुर्ची मिळंल का?” मी हळूच विचारलं.

शेठनी माइकवर हात ठेवला. “अरे, तूच बसलास तर लोकांनी बघायचं काय?”

मला राग आला नाही. काहीच आलं नाही.

आमच्या गावी, औंढ्याला, तान्हा असताना ताप आला आणि उजवा पाय गेला. तेव्हापासून आमच्या घरात माझ्या पायांना दोन नावं. पोलिओचा पाय आणि चांगला पाय. अम्मी तेल चोळायची ती पोलिओच्या पायाला. चांगल्याला कशाला चोळायचं? मी कुठं टेकलो की ओरडायची, “ऊठ. बसलास तर बसूनच ऱ्हाशील.” मी उठायचो. शाळेला चालत, कामाला चालत. लग्नातसुद्धा नवरदेव उभाच. सलमाला वाटलं, माणूस पळून जायच्या तयारीत आहे.

मग अलीकडे चांगला पाय दगा द्यायला लागला. आधी थकवा. जेवताना घास हातातच राहायचा. धुक्याच्या दिवसांत दोन्ही पाय लाकडासारखे गार. एकदा गरम पाक टेबलावर ओतला, लाटणं फिरवायला घेतलं, आणि चांगला गुडघाच मुडपला. चिक्की लाटताना थांबता येत नाही. मी पडलो. मी उठेपर्यंत सगळा घाणा दगड झाला होता.

शेठ म्हणाले, “पोलिओ काय दोनदा होतो का? आळस म्हण की सरळ.”

मलाही तेच वाटलं होतं. यातलं सगळ्यात वाईट हेच.

सलमानं धरून पुण्याला नेलं. डॉक्टरबाईंनी दोन्ही पाय तपासले. सुया टोचून बघितल्या. म्हणाल्या, “पोलिओ परत आलेला नाही. तेव्हा ज्या नसा वाचल्या, त्यांनी मेलेल्या नसांचंही काम ओढलं. आता त्या थकल्यात. दोन्ही पायांत.”

“पण हा चांगला पाय आहे,” मी म्हणालो.

“चांगला? कुणी सांगितलं?”

मी सलमाकडे बघितलं. तिनं माझ्याकडे. घरात सगळेच तसं म्हणायचे.

“रेटू नका. बसून काम करा. रेटाल तेवढं जाईल, आणि गेलेलं परत येणार नाही.”

मी शेठकडे स्टूल मागितलं. ते म्हणाले, “काचेतून गिऱ्हाईक बघतं. तू उभा असतोस म्हणून तर व्हिडिओ काढतात.” काचेपलीकडून पर्यटक अंगठा वर करायचे, हे खरं. मला वाटायचं, चिक्की आवडली.

आणि आता ही शाल.

“स्वतःच्या पायावर उभा!” शेठ माइकवर ओरडले. पुन्हा टाळ्या. माझा गुडघा थरथरत होता आणि माझं उभं राहणंच मला संपवत होतं. लोक त्यालाच टाळ्या देत होते. मी नारळ खाली ठेवला आणि बसलो. बसलो म्हणजे मागच्या भिंतीवरून घसरलो. त्यात रुबाब काही नव्हता.

टाळ्या थांबल्या. शेठ वाकून पुटपुटले, “ऊठ. नाटकं करू नकोस. फोटो चाललाय.”

“न्हाई उठणार.”

“पडलास का?”

“न्हाई. बसलोय.”

शेजारी कुबडीवर वडगावचे एक आबा उभे होते. त्यांनी खाली बघितलं. “सरक की जरा,” म्हणाले, आणि तेही बसले.

काल शेठचा निरोप आला. उभं राहणार असशील तरच कामावर ये.

सलमा म्हणाली, “आता काय करायचं वो?”

घर कसं चालेल, मला माहीत नाही. उद्या मी जाणार आहे. रिक्षानं, घरचं स्टूल घेऊन. काचेसमोर ठेवीन आणि बसून लाटीन. कामावरून काढलं तर बसूनच भांडेन. उरलेल्या नसा माझ्या आहेत. कुणाच्या टाळ्यांसाठी त्यातली एकही आता देणार नाही.