सुप्रिहातिनबाई आणि मिरच्यांची थिअरी

डोंगरपायथ्याच्या सालातिगा गावातल्या सरकारी शाळेत सुप्रिहातिनबाईंनी उभा जन्म विज्ञान शिकवलं आणि उभा जन्म एकाच वाक्यावर चिडल्या: "ती काय, नुसती थिअरी!" कोणी असं म्हणालं की बाईंचा चष्मा नाकावर खाली यायचा आणि आवाज वर जायचा. त्यांच्या हेडमास्तरांची तर समजूत होती की थिअरी म्हणजे प्रोबेशनवरचा कारकून. नीट वागली तर बढती मिळून तिचा नियम होतो.

"अहो सर, नियम सांगतो काय घडतं, थिअरी सांगते का घडतं. कामच वेगळं, बढती कसली?"

हेडमास्तर निवृत्त झाले, पण त्यांच्या लेखी थिअरी कारकूनच राहिली.

अशा बाईंच्या घरी लेकीचं, रेत्नोचं लग्न निघालं. जेवणावळ अंगणात, आणि मर्बाबू डोंगरावरून ढग कधी उतरतील याचा नेम नाही. बाईंना अंगणावर ताडपत्रीचा मांडव हवा होता. धाकटे दीर वार्दोयो मात्र पाऊस अडवणाऱ्या सोगिमिनकाकांना बोलावून मोकळे झाले. काकांनी बांबूच्या काडीवर लाल मिरच्या आणि छोटे कांदे ओवले, काडी कोपऱ्यात रोवली आणि कॉफी मागितली.

"वहिनी, आता मांडव घालणं म्हणजे काकांच्या तोंडावर थप्पड!"

"आणि पाहुण्यांच्या ताटात पाणी पडलं की कोणाच्या तोंडावर?"

"बाई," काका मऊ आवाजात म्हणाले, "तुमची ती वाफेची आणि ढगांची थिअरी, माझी मिरचीची. दोन्ही थिअऱ्याच की."

चष्मा खाली आला. "काका, जंतूंमुळे रोग होतो हीसुद्धा थिअरीच. मग जेवणाआधी हात का धुता? थिअरी म्हणजे मनात आलेला अंदाज नव्हे. किती जणांनी ती खोटी पाडायचा प्रयत्न केला, पडली नाही, तेव्हा कुठे ती टिकली. तुम्ही सांगा, काय घडलं तर तुमची मिरची खोटी म्हणायची? पाऊस आला तर?"

"छे! मग कोणाची तरी नजर लागली."

"नजर न लागता आला तर?"

"मग माझ्यामुळे थोडक्यात निभावलं."

"म्हणजे ती कधी खोटी पडायचीच नाही!"

"कधीच नाही," काका विनयाने म्हणाले.

कांदे चिरत बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. वार्दोयो तर उठून उभेच राहिले. "बघा वहिनी! तुमची खोटी पडू शकते, काकांची पडूच शकत नाही. मग भक्कम कोणाची?"

बाईंनी वाद सोडला आणि सरळ ताडपत्रीवाल्याला निरोप धाडला. दिरांनी लग्नापर्यंत अबोला धरला.

लग्नाच्या दिवशी भात वाढून होतो न होतो तोच मर्बाबूकडून काळं आभाळ धावत आलं. ताडपत्री ढोलासारखी वाजू लागली. पाहुणे कोरडे, ताटं कोरडी, रेत्नोच्या केसांतला मोगरासुद्धा कोरडा. मांडवाच्या मधोमध सगळ्यांच्या आधी जागा धरली होती ती सोगिमिनकाकांनी, हातात फणसाच्या भाजीचं ताट घेऊन. कोपऱ्यातल्या मिरच्या स्वच्छ धुऊन निघत होत्या.

"बघितलंत?" अबोला विसरून दीर ओरडले. "काका नसते तर पूर आला असता!"

बाईंचा चष्मा निम्म्या नाकापर्यंत आलाच होता, तेवढ्यात काका त्यांच्या कानाशी वाकले.

"बाई, पुढच्या महिन्यात आमच्या धाकटीचं लग्न आहे. हा ताडपत्रीवाला राहतो कुठे?"